किड्याचे कूळ मात्र विचारावे!

नारळावरचा भुंगा, भातावरचा ढेकण्या, न्हाणीघराच्या भिंतीवरचा कोळी... रायगडच्या किनाऱ्यावर या लहान जिवांशी रोजच गाठ पडते. त्यांची नेमकी जात ओळखणे तज्ज्ञांनाही अनेकदा अवघड जाते. कूळ मात्र थोड्या सवयीने कोणालाही ओळखता येते. आणि एकदा कूळ कळले, की तो जीव काय खातो, कोणाचे नुकसान करतो आणि त्याच्याशी कसे वागावे, हेही बरेचसे उलगडते.

अलिबाग, प्रतिनिधी

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. किड्यांच्या बाबतीत मात्र हा संकेत मोडलेलाच बरा. तो न मोडल्याची किंमत रायगडच्या बागायतदाराला अनेकदा मोजावी लागते.

अष्टागरातील नारळाच्या वाड्यांतून फिरताना 'माडाला भुंगा लागला' हे वाक्य वारंवार कानी पडते. ऐकणाऱ्याला वाटते, दुखणे एक आणि उपायही एक. प्रत्यक्षात या एका शब्दामागे दोन अगदी निराळे शत्रू दडलेले असतात. पहिला गेंड्या भुंगा. रंगाने काळा, अंगाने जाडजूड आणि डोक्यावर गेंड्यासारखे शिंग. तो माडाच्या शेंड्यात शिरतो आणि न उमललेला कोवळा कोंब कुरतडतो. पुढे ती झावळी उलगडते, तेव्हा कोणी कात्रीने त्रिकोणी तुकडे कापून घेतल्यासारखी दिसते. दुसरा सोंड्या भुंगा. रंगाने तांबूस तपकिरी आणि पुढे लांब, किंचित वाकडी सोंड. त्याची मादी माडावरच्या जखमेत अंडी घालते आणि त्यांतून निघालेल्या अळ्या खोड आतून पोखरतात. बाहेरून झाड हिरवेगार दिसत राहते. खोडावरच्या भोकातून तपकिरी चिकट द्रव पाझरू लागतो, चघळलेल्या तंतूंचा चोथा बाहेर येतो, तेव्हा बागायतदार सावध होतो. तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

गेंड्या भुंगा मोठ्या माडाला अशक्त करतो, सोंड्या त्याचा जीव घेतो. गेंड्याची अळी जिवंत माडात नसतेच. ती उकिरड्यात, शेणखताच्या खड्ड्यात, कुजलेल्या खोडात वाढते. सोंड्याची अळी मात्र माडाच्या पोटातच मोठी होते. म्हणजे एकाचा बंदोबस्त उकिरड्यात करावयाचा, तर दुसऱ्याचा खोडात. त्यातही गंमत अशी, की गेंड्याने शेंड्यात केलेली जखम हीच सोंड्यासाठी उघडे दार ठरते. एकाकडे दुर्लक्ष केले, की दुसरा आपसूक येतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, अलिबाग या भागांत नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. वादळ गेले, पण आडवे पडलेले ओंडके राहिले. माडाचे कुजणारे खोड म्हणजे गेंड्या भुंग्याचे आवडते बाळंतघर. अशा वेळी ओंडके वेळीच हलवावेत किंवा जाळावेत, असे शास्त्र सांगते. परंतु त्या ओंडक्यात सापडलेली पांढरी, जाड अळी कोणाची, हे ज्याला सांगता येते, त्यालाच त्या सल्ल्याचे गांभीर्य कळते. तीन जोड्या पाय असलेली आणि इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकलेली अळी गेंड्याच्या कुळातली. अजिबात पाय नसलेली अळी सोंड्याच्या कुळातली. हा भेद ओळखण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाही, नीट पाहणारे डोळे पुरतात.

कूळ म्हणजे काय?

प्राणिशास्त्रात सजीवांची मांडणी उतरंडीसारखी असते. वर्ग, त्याखाली गण, गणाखाली कूळ, कुळाखाली प्रजाती आणि तळाशी जाती. भुंगेऱ्यांचा गण हा जगातील सर्वांत मोठ्या गणांपैकी एक. त्यात सुमारे चार लाख जातींची नोंद झाली आहे. कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींनी २०२२ मध्ये ५० हजारांचा टप्पा ओलांडला. एवढी नावे कोणाच्याही लक्षात राहणे अशक्य. पण भुंगेऱ्यांची कुळे दोनशेच्या आतच आहेत आणि त्यांतील जेमतेम पंधरा-वीस कुळांशीच आपली रोजची गाठ पडते. एवढी ओळख ठेवणे शाळकरी मुलालाही जमते.

जातीच्या पातळीवर जाणे किती कठीण असते, याचे एक उदाहरण मुंबईजवळचेच आहे. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जाती २०२१ मध्ये संशोधकांनी जगासमोर आणली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवादी कसाबला पकडताना हौतात्म्य पत्करलेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिचे नाव 'आयसियस तुकारामी' असे ठेवण्यात आले. हा कोळी नवा आहे हे ठरविण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली अवयवांची बारकाईने तुलना करावी लागते. तो कोणत्या कुळातला, हे मात्र त्याचे पुढचे दोन मोठे डोळे पाहून कोणीही सांगू शकेल. जात तज्ज्ञांवर सोपवावी आणि कूळ आपण ओळखावे, असा हा साधा हिशेब आहे.

कोकणात 'कूळ' या शब्दाला जमीन कसणाऱ्याचाही अर्थ आहे. किड्यांच्या बाबतीतही हा अर्थ फारसा दूरचा नाही. कोणाचे कूळ पानावर, कोणाचे खोडावर, कोणाचे शेणावर तर कोणाचे दुसऱ्या किड्यांवर. प्रत्येकाचा तुकडा वाटून दिलेला आहे. म्हणूनच कूळ कळले, की पोटापाण्याचा धंदाही कळतो.

शब्द एक, जीव अनेक

ओळखीत पहिला अडथळा आणतात ते आपलेच शब्द. घराच्या वाशाला गोल भोक पाडणारा, मोठ्याने गुणगुणणारा काळाभोर 'भुंगा' हा भुंगेरा नसतोच. ती मधमाशीची नातलग असते. बिछान्यातला ढेकूण, काजूवरचा ढेकण्या आणि जास्वंदीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण हे तिघे एका गणातले खरे, पण कुळे वेगवेगळी. पहिल्या पावसानंतर मातीतून वर येणारा लालचुटूक, मखमली 'मृगाचा किडा' तर कीटकच नव्हे. त्याचे पाय मोजले तर आठ भरतात. तो कोळ्यांच्या वर्गातला, गोचिडाचा दूरचा भाऊबंद. आणि 'कोळी' या शब्दाबद्दल तर या किनाऱ्यावर काय सांगावे! समुद्रात जाळे टाकणारा आणि माळ्यावर जाळे विणणारा, दोघांनाही आपण एकाच नावाने हाक मारतो.

तेव्हा पहिली पायरी पाय मोजण्याची. सहा पाय असले आणि शरीराचे डोके, छाती, उदर असे तीन भाग दिसले, तर तो कीटक. आठ पाय असले, मिशा नसल्या आणि शरीराचे दोनच भाग, मध्ये बारीक कंबर, अशी ठेवण असली, तर तो कोळी. मृगाच्या किड्यासारखे आठ पायांचे पण कंबर नसलेले गोळीबंद शरीर असले, तर तो गोचीड-माइटांच्या गटातला.

भुंगेरे : पाठीवरची सरळ रेघ

भुंगेऱ्याची खूण पाठीवर असते. त्याचे पुढचे पंख टणक कवचासारखे असतात आणि ते पाठीच्या मधोमध सरळ रेघेत जुळतात. उडताना तो ही कवचे उघडतो आणि खाली घडी घालून ठेवलेले पातळ पंख पसरतो. त्याचे तोंड चावण्याचे असते. अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्थांतून त्याचे आयुष्य जाते. त्यामुळे बाळ आणि बाप यांच्या रूपात काडीचे साम्य नसते.

यानंतर मिशांकडे पाहावे. टोकाशी पंख्यासारखी उघडझाप करणारी छोटी पाने असलेल्या मिशा ही स्कॅराबेइडी कुळाची खूण. गेंड्या भुंगा या कुळातला. शेणाचे गोळे करणारा शेणकिडा याच कुळातला आणि पिकांची मुळे कुरतडणारी हुमणी हीसुद्धा याच कुळातील भुंगेऱ्यांची अळी. या साऱ्यांचे बालपण माती, शेण किंवा कुजका पाला यांत जाते. म्हणून या कुळाचा शोध जमिनीत घ्यावयाचा.

डोके पुढे ओढून सोंड काढल्यासारखे दिसले आणि त्या सोंडेवरच मधे काटकोनात वळलेल्या मिशा असल्या, तर ते सोंडकिड्यांचे, म्हणजे कर्क्युलिओनिडी कूळ. माडाचा काळ ठरणारा सोंड्या आणि डब्यातल्या तांदळात सापडणारा इवलासा सोंडा हे जवळचे नातलग आहेत, हे गृहिणींना सांगितले तर आश्चर्य वाटेल. पण दोघांची रीत तीच. खाद्याला भोक पाडावे, आत अंडे घालावे आणि पिल्लाने ते घर आतून खाऊन टाकावे.

शरीराहून लांब मिशा डौलाने मागे टाकलेला मोठा भुंगेरा दिसला, तर तो सेरॅम्बिसिडी कुळातला. हापूसच्या बागांत ज्याला 'भिरूड' म्हणतात, तो आंब्याचा खोडकिडा याच कुळाचा. खोडाच्या भोकातून लाकडाचा भुसा गळू लागला, की आत त्याची अळी आहे असे समजावे. पानांवर बसून पाने खाणारे लहान, बहुधा चकचकीत भुंगेरे क्रायसोमेलिडी कुळातले. कोकणातील भातावर येणारे निळे भुंगेरे त्यांतलेच. वालाच्या आणि कडधान्यांच्या डब्यांतून भोके पाडून बाहेर पडणारे भुंगेही आता याच कुळात गणले जातात.

घुमटासारखी गोल पाठ, त्यावर ठिपके, आखूड पाय आणि पोटाखाली दडलेले डोके, हे कॉक्सिनेलिडी कुळाचे वर्णन. आपण त्यांना ढालकिडे किंवा लेडीबर्ड म्हणतो. या कुळातील बहुतेक सारे मावा आणि पिठ्या ढेकूण यांचे कर्दनकाळ. प्रौढ ढालकिडा ओळखणे सोपे, पण त्याची अळी पाहून भले भले फसतात. काळसर, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची ती अळी चिमुकल्या सुसरीसारखी दिसते आणि माव्यावर बसलेली असल्यामुळे तीच कीड समजून चिरडली जाते. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या आणि १८९८ मध्ये भारतात आणलेल्या क्रिप्टोलिमस या ऑस्ट्रेलियन ढालकिड्याची अळी तर अंगावर पांढरे मेणाचे तंतू पांघरते. शत्रूचाच वेष घेतलेल्या या मित्राला बागायतदार शत्रूबरोबरच औषधाने मारून टाकतो.

एक अपवाद येथेच सांगितला पाहिजे. वांग्याच्या पानांची चाळण करणारा, अंगावर बारीक लव असलेला आणि म्हणून निस्तेज दिसणारा ठिपक्यांचा भुंगेराही ढालकिड्यांच्याच कुळातला. पण तो शाकाहारी निघाला! कूळ बरेच काही सांगते, सर्व काही सांगत नाही. चकचकीत पाठीचा ढालकिडा माव्याजवळ असेल तर राखावा. निस्तेज पाठीचा, पान खरवडताना दिसला तर वेचून काढावा.

चिरडू नका, झटका

पावसाळ्यातील संध्याकाळी ट्यूबलाइटकडे येणाऱ्या किड्यांत एक मुंगीसारखा लांबट, सुमारे सेंटिमीटरभर लांबीचा किडा असतो. अंगावर आलटून पालटून नारिंगी आणि निळसर काळे पट्टे असतात आणि पंखकवचे इतकी आखूड, की पोटाचा बराच भाग उघडाच राहतो. ही स्टॅफिलिनिडी कुळाची खूण. यातील पेडेरस नावाचा भुंगेरा चावत नाही आणि डंखही मारीत नाही. पण मानेवर बसला म्हणून त्याला चिरडले, की त्याच्या शरीरातील विषारी द्रव कातडीला लागतो आणि एक-दोन दिवसांत भाजल्यासारखा लाल पट्टा उमटून फोड येतात. अनेकांना ते नागीण झाल्यासारखे वाटते. उपाय सोपा आहे. किडा चिरडू नये, फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन दूर करावा. चुकून चिरडलाच, तर ती जागा साबण-पाण्याने लगेच धुवावी आणि तो हात डोळ्यांना लावू नये. हाच पेडेरस भातखाचरात तुडतुड्यांसारख्या किडी खातो. घरात त्रासदायक वाटणारा शेतात मात्र उपयोगी, असा हा प्रकार.

फोड आणणारे दुसरे कूळ मेलोइडी. काळ्या पाठीवर नारिंगी पट्टे मिरवत वालाच्या, जास्वंदीच्या फुलांवर बसणारे 'हिंगे' या कुळातले. मान बारीक, पंखकवचे मऊसर आणि चाल संथ. त्यांचा भडक रंग हा धोक्याचा बावटा आहे. मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नये.

मे अखेरीस झाडे उजळविणारे काजवेही भुंगेरेच, लॅम्पिरिडी कुळातले. त्यांच्या अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात. आणि किनाऱ्याच्या ओलसर वाळूवर पावलापुढून भुर्रकन उडून पुन्हा चार हातांवर बसणारा, लांब पायांचा, मोठ्या डोळ्यांचा किडा म्हणजे ज्याला टायगर बीटल म्हणतात तो शिकारी भुंगेरा. माशी समजून आपण त्याच्याकडे पाहतही नाही.

ढेकण्या : पाठीवर फुली, पोटाखाली सुई

ढेकणांचा गण ओळखण्यासाठी किडा उलटा करून पाहावा. तोंडाच्या जागी सुईसारखी चोच असते आणि ती पोटाखाली दुमडलेली असते. चावता येत नाही, फक्त टोचून रस ओढता येतो. या गणातील ज्यांना आपण ढेकण्या म्हणतो, त्यांच्या पाठीवर पंख एकमेकांवर चढून फुलीसारखी आकृती होते आणि मध्ये एक त्रिकोण दिसतो. पुढच्या पंखाचा अर्धा भाग जाड, तर टोकाकडचा पातळ. पिल्ले लहानपणापासून आईबापांसारखीच दिसतात, फक्त पंख नसतात. सोंडकिड्याच्या सोंडेशी या चोचीची गल्लत करू नये. सोंडकिड्याच्या सोंडेच्या टोकाला जबडे असतात, ढेकण्याची चोच ही पोकळ सुई असते.

ढालीसारखा आकार, पाच पेरांच्या मिशा आणि हात लावताच घाण वास, हे पेंटॅटोमिडी कूळ. भाताच्या लोंबीत दाणा दुधाळ असताना रस शोषून दाणे पोचट करणारा सडपातळ, हिरवट ढेकण्या अ‍ॅलिडिडी कुळातला. काजूच्या पालवीवर आणि मोहोरावर काळे डाग पाडणारा ढेकण्या मिरिडी कुळातला. आंब्याच्या मोहोरावर पाचरीसारखे बसलेले आणि चाहूल लागताच उड्या मारणारे तुडतुडे सिकॅडेलिडी कुळातले. त्यांनी सोडलेल्या चिकट गोड द्रवावर पुढे काळी बुरशी चढते. सावरीची बोंडे फुटून पडली, की झाडाखाली जोडीजोडीने फिरणारे तांबडे ढेकूण पायऱ्होकोरिडी कुळातले. ते कोणाला चावत नाहीत.

पोपटीच्या दिवसांत ज्या वालाची आपण वाट पाहतो, त्या वालाच्या वेलावर मोहरीसारखे गोल, काळसर किडे गर्दी करतात. पाहणारा त्यांना भुंगेरे समजतो, कारण पाठ अखंड दिसते. पण पाठीवर मधली रेघ नसते. त्रिकोणच वाढून पाठभर पसरलेला असतो. हे प्लॅटॅस्पिडी कूळ, ढेकण्यांचेच. फरक पुस्तकी नाही. भुंगेरे पान कुरतडतात, त्यामुळे पानाला भोके पडतात. ढेकण्या रस शोषतात, त्यामुळे कोंब आणि शेंगा कोमेजतात.

याच गणात शिकाऱ्यांचेही एक कूळ आहे, रेडुव्हिडी. अरुंद डोके, स्पष्ट मान आणि कमानीसारखी वाकलेली आखूड, मजबूत चोच. ते अळ्या आणि इतर किडे टोचून मारतात. बागेतला हा पहारेकरी राखावा, पण बोटात धरू नये. त्याचा दंश झोंबतो.

कोळी : डोळे, जाळे आणि अंड्यांची पुरचुंडी

कोळ्याचे कूळ ओळखण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. जाळे आहे का आणि कसे आहे? डोळ्यांची मांडणी कशी आहे? मादी अंड्यांची पुरचुंडी कोठे ठेवते?

गोल, चाकासारखे जाळे विणणाऱ्यांचे मोठे कूळ अ‍ॅरॅनेइडी. जाळ्याच्या मधोमध नागमोडी पांढरी रेघ काढून त्यावर दोन-दोन पाय जोडून फुलीसारखा बसणारा 'सही करणारा कोळी' यातलाच. मुरूड-रोह्याच्या हद्दीवरील फणसाड अभयारण्यात, म्हणजे जंजिरा संस्थानच्या एके काळच्या शिकारीच्या जंगलात, पावसाळा सरताना वाटेवर आडवी, सोनेरी झाक असलेली मोठी जाळी दिसतात. त्यात बसलेली तळहाताएवढी मादी म्हणजे जायंट वुड स्पायडर. तिच्या जाळ्याच्या कडेला दिसणारे इवले तांबूस किडे ही पिल्ले नव्हेत, ते नर असतात. या कोळ्याला काही संशोधक स्वतंत्र कुळात घालतात, तर काही अ‍ॅरॅनेइडीत. कुळांच्या सीमा शास्त्रातही अधूनमधून सरकत असतात.

जाळे नाही, भिंतीवर टुणटुण उड्या आणि आपल्याकडे वळून पाहणारे पुढचे दोन मोठे डोळे, हे साल्टिसिडी कूळ. आयसियस तुकारामी याच कुळातला. आंब्याची पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या रांगेजवळ, हुबेहूब मुंगीसारखा दिसणारा पण पुढचे दोन पाय मिशांसारखे हलविणारा एक जीव सापडतो. पाय मोजले, तर आठ भरतात. तोही साल्टिसिडीच.

भातखाचरात पाण्यावरून धावणारे, पुढे चार लहान डोळ्यांची रांग आणि त्यामागे चार मोठे डोळे असलेले लायकोसिडी कुळातले कोळी. मादी पुरचुंडी शरीराच्या मागच्या टोकाला चिकटवून फिरते आणि पिल्ले निघाली की त्यांना पाठीवर घेते. या कुळाचे महत्त्व आशियातील भात उत्पादक देशांनी फार मोठी किंमत मोजून ओळखले. तपकिरी तुडतुड्यांवर बेसुमार कीटकनाशके फवारल्यामुळे त्यांना खाणारे कोळीच आधी मेले आणि तुडतुडे दुपटीने उसळले. इंडोनेशियाने अखेर १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. रायगडच्या खाचरांतही हाच पहारेकरी राबत असतो, बिनपगारी.

रात्री न्हाणीघरात दिवा लावताच भिंतीवर दिसणारा मोठा, चपटा, तपकिरी कोळी स्पॅरॅसिडी कुळातला. तो जाळे विणत नाही, झुरळे खातो. त्याची मादी चपट्या बिस्किटासारखी पांढरी पुरचुंडी छातीशी धरून हिंडते. कोपऱ्यात काडीसारख्या पायांनी उलटा लटकून, डिवचताच झोके घेणारा फोल्सिडी कुळातला. घरात नेहमी दिसणाऱ्या या कोळ्यांपैकी माणसाच्या जिवावर उठणारा कोणी नाही. तरीही झाडू सर्वांत आधी फिरतो, तो त्यांच्यावरच.

उरणचा खारा वारसा

या किनाऱ्यावर बसून लहान जिवांकडे टक लावून पाहण्याची परंपरा नवी नाही. १८५१ मध्ये साताऱ्यास जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात अधिकारी होते. नोकरीनिमित्त ते उरणलाही राहिले. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या मंडळींत ते होते. बंगल्याच्या आवारातील मुंग्या, पाली, वटवाघळे यांवर त्यांनी 'ईएचए' या सहीने खुसखुशीत शैलीत लिहिले. जणू ते सरहद्दीवरच्या टोळ्यांचे वर्णन करीत आहेत! डासाच्या एका जातीस त्यांचे नाव आहे. पुढे १९३० मध्ये याच किनाऱ्यावर, किहीमला, सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचे निरीक्षण केले आणि ते जगभर वाखाणले गेले. या दोघांचे मोठे भांडवल होते ते एका जागी बसून पाहण्याचे.

आज त्याच्या जोडीला प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. किड्याचे वरून, बाजूने आणि शक्य तर समोरून असे तीन फोटो काढावेत. शेजारी नाणे किंवा काडेपेटी ठेवली, तर आकाराचा अंदाज येतो. ठिकाण, तारीख आणि तो कोणत्या झाडावर होता, हे लिहून ठेवावे. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर अशी नोंद टाकली, तर जाणकार ओळख पटवून देतात आणि आपली नोंद अभ्यासकांच्याही कामी येते. पिकावरील किडीसाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. फणसाडसारख्या अभयारण्यात मात्र परवानगीवाचून एकही जीव पकडू किंवा उचलू नये. तेथे फोटोवरच समाधान मानावे.

माडाच्या भुंग्याची गोष्ट अखेर येथेच येऊन थांबते. गेंड्या असेल, तर उकिरडा उपसावा, कुजकी खोडे हलवावीत, खतात हिरवी बुरशी मिसळावी, शेंड्यातील भुंगे आकडीने काढावेत. सोंड्या असेल, तर माडाला जखम होऊ देऊ नये, झावळी खोडालगत न छाटता देठाचा लांब भाग ठेवावा, लहान माडांची खोडे नियमित तपासावीत. दोघांसाठी कामगंध सापळेही मिळतात, पण त्यांतील गंधाची वडी ज्याची त्याला वेगळी. चुकीची वडी लावलेला सापळा वर्षभर रिकामा लटकत राहतो आणि माड मात्र जातो. दुकानात 'भुंग्याचे औषध द्या' म्हणण्याआधी भुंगा काडेपेटीत घालून नेला आणि त्याला सोंड आहे की शिंग, एवढे पाहिले, तरी एक माड वाचू शकतो. वाढलेल्या माडाची जागा नव्या रोपाला घ्यायची, तर बरीच वर्षे जातात. किड्याचे कूळ विचारायला मिनिटभर पुरते.

चौकट
ओळखीच्या पायऱ्या

पाय मोजा : सहा पाय म्हणजे कीटक, आठ पाय म्हणजे कोळी किंवा त्याचे भाऊबंद.

पाठ पाहा : मधोमध सरळ रेघ म्हणजे भुंगेरा, फुली आणि त्रिकोण म्हणजे ढेकण्या.

तोंड पाहा : जबडे असतील तर चावणारा, पोटाखाली दुमडलेली सुई असेल तर रस शोषणारा.

मिशा पाहा : टोकाला पंखा असेल तर गेंड्याचे कूळ, सोंडेवर काटकोनात वळलेल्या असतील तर सोंडकिड्यांचे, शरीराहून लांब असतील तर भिरुडाचे.

कोळी असेल तर : जाळ्याचा आकार, डोळ्यांची मांडणी आणि अंड्यांची पुरचुंडी पाहा.

जागा लिहा : पान, खोड, फूल, शेण, वाळू की भिंत? किडा सापडला ती जागा हा त्याच्या कुळाचा अर्धा पत्ता असतो.

भडक नारिंगी-काळे पट्टे दिसले तर : हाताने धरू नका, अंगावर चिरडू नका.